पेशी-संवर्धनासाठी सीरम कसे निवडावे आणि वापरावे

प्राण्यांच्या ऊतींतील पेशी प्रयोगशाळेत वाढवताना क्षार, ग्लुकोज, अमिनो आम्ले आणि जीवनसत्त्वे असलेले माध्यम बहुधा पुरत नाही. विभाजनाला चालना देणारे वृद्धिघटक, पेशींना तळाशी चिकटवणारी प्रथिने आणि लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिन हेही लागते. गायीच्या गर्भातील वासराच्या रक्ताचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, हे सगळे एकत्र पुरवते. रक्त गोठताना प्लेटलेटमधून वृद्धिघटक बाहेर पडत असल्याने या कामी प्लाझ्मापेक्षा (न गोठलेल्या रक्तातील द्रवापेक्षा) सीरम सरस ठरते.

सीरमचा प्रत्येक लॉट (एकत्र तयार केलेली खेप) वेगळा असतो, म्हणून मोठी खरेदी करण्यापूर्वी दोन-तीन लॉटचे नमुने मागवून चालू लॉटच्या बरोबरीने सलग काही पॅसेज (पेशी नव्या भांड्यात हलवून पुन्हा वाढवण्याच्या फेऱ्या) पेशी वाढवून पाहाव्यात. या चाचणीत पेशी मुद्दाम विरळ पेराव्यात. दाट पेरलेल्या पेशी एकमेकींना सावरून घेतात आणि हलके सीरमही चांगले भासते. पसंत पडलेल्या लॉटचा पुढील कित्येक महिन्यांचा साठा राखून ठेवावा.

उणे २० अंशांवरील बाटली रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्यावी आणि अधूनमधून हलकेच फिरवावी. तळाशी धाग्यांसारखे दिसणारे कण बहुधा फायब्रिनचे असतात; ते जंतूंचे समजून बाटली टाकून देऊ नये. पुन्हापुन्हा गोठवणे टाळण्यासाठी ५० मिलीचे भाग करावेत, मात्र गोठताना द्रव फुगत असल्याने नळी काठोकाठ भरू नये. ४५० मिली माध्यमात असा एक भाग घातला की नेहमीचे १० टक्के प्रमाण साधते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून सेल लाइन (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी) आणली असल्यास सुरुवातीला तिच्यासोबत सुचवलेले माध्यम आणि प्रमाणच वापरावे.

५६ अंशांवर ३० मिनिटे तापवून सीरममधील कॉम्प्लिमेंट (रोगप्रतिकाराला मदत करणारी रक्तातील प्रथिने) निष्क्रिय करण्याची प्रथा अनेक ठिकाणी केवळ सवयीने चालू आहे. रोगप्रतिकारविषयक प्रयोगांत तिला अर्थ आहे, एरवी काही वृद्धिघटकांचे नुकसानच होते.

सीरमविरहित माध्यमात ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर) यासारखा शुद्ध वृद्धिघटक साधारण १० नॅनोग्रॅम प्रति मिली या प्रमाणात घालतात. त्याची भुकटी झाकणाला चिकटलेली असू शकते, म्हणून कुपी उघडण्यापूर्वी क्षणभर सेंट्रिफ्यूज करावी. मूळ द्रावणात ०.१ टक्का अल्ब्युमिन ठेवल्यास प्रथिन प्लास्टिकला चिकटून वाया जात नाही. सीरमयुक्त माध्यमातून सीरमविरहित माध्यमाकडे जाताना बदल मात्र एका दमात करू नये: आधी जुने तीन भाग व नवे एक भाग, मग निम्मे-निम्मे, आणि प्रत्येक पायरीवर वाढीचा वेग पूर्ववत झाल्यावरच पुढची पायरी घ्यावी.