पिटलॉक्रीला जाणाऱ्या नवख्या मंडळींसाठी

एडिनबरा किंवा ग्लासगो येथे शिक्षण वा नोकरीसाठी नव्याने आलेली आपली मंडळी पहिली सलग सुट्टी मिळताच स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशाच्या, म्हणजे हायलँड्सच्या उंबरठ्यावरील पिटलॉक्री या गावाचा बेत आखतात, आणि त्यात वावगे काहीच नाही. मात्र या गावाला महाबळेश्वर समजून निघू नये. येथील बहुतेक दुकाने संध्याकाळी पाच-साडेपाचला बंद होतात आणि रात्री साडेआठनंतर जेवायला गेल्यास ‘किचन बंद झाले’ एवढेच ऐकून परतावे लागण्याचा संभव अधिक असतो.

घड्याळाकडे दुर्लक्ष करण्याची किंमत मी स्वतः मोजलेली आहे. साताऱ्याहून आलेल्या आई-वडिलांना मी जूनमधल्या एका रविवारी तेथे नेले. १९५१ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाच्या कडेने सॅमन माशांना वर चढता यावे म्हणून ३४ टप्प्यांची पाण्याची शिडी बांधलेली आहे. तिच्या एका कुंडातून मासा उसळून पुढच्या कुंडात जाईल या आशेने आई कठड्याला जी टेकून उभी राहिली, ती हलेचना. त्या महिन्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे उशीर झाल्याचे कुणाच्या ध्यानातच आले नाही. धापा टाकत स्टेशनवर पोहोचलो तेव्हा शेवटच्या गाडीचे मागचे लाल दिवे दिसेनासे होत होते. स्कॉटलंडमधल्याच पर्थ शहरापर्यंतची टॅक्सी आणि तेथील अनपेक्षित मुक्काम यांत माझे महिन्याचे किराणा सामानाचे पैसे गेले. म्हणून परतीची गाडी आधी पाहावी आणि जाण्याची नंतर. रविवारी तर दोनदा पाहावी, कारण त्या दिवशी गाड्या कमी असतात.

डिसेंबरात हाच उजेड उलटा फसवतो. साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि ८४१ मीटर उंचीचा बेन व्रॅकी डोंगर पायथ्याच्या मूलिन गावातून सोपा दिसतो म्हणून दुपारच्या जेवणानंतर कापडी बुटांत चढायला निघालेले आपले विद्यार्थी मी पाहिलेले आहेत. सह्याद्रीतील ट्रेकचा अनुभव येथील थंडीत आणि धुक्यात पुरेसा पडत नाही.

नदीच्या बाबतीत मी कठोरपणे बोलतो, याबद्दल कुणी राग मानू नये. एप्रिल २०२४ मध्ये गावाजवळच्या लिन ऑफ टमेल या धबधब्यापाशी दोन भारतीय विद्यार्थी बुडून मरण पावले. तेथील खडक ओले व गुळगुळीत असतात, पाणी बर्फासारखे गार असते, आणि छायाचित्रासाठी एक पाऊल पुढे टाकण्याचा मोह प्रत्येकालाच होतो.

गाडीने जाणाऱ्यांनी ए-९ हा महामार्ग कधी दुभाजक असलेला तर कधी दुभाजकाविना समोरासमोरच्या वाहतुकीचा होतो हे लक्षात ठेवावे. स्कॉटलंडमधील मद्याची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, तेव्हा चालकाने घेऊच नये.

आपल्यातील काही जण बारा-पंधराच्या घोळक्याने येऊन बी अँड बीच्या (मुक्काम आणि न्याहारी देणाऱ्या घरगुती निवासाच्या) खोलीत चोरून इंडक्शनवर फोडणी देतात. मग धुराचा अलार्म वाजतो आणि म्हाताऱ्या पाहुण्यांना रात्रीच्या कपड्यांत रस्त्यावर उभे राहावे लागते. त्यानंतर आलेल्या भारतीय पाहुण्याकडे मालकीणबाई कोणत्या नजरेने पाहतात, हे मी अनुभवलेले आहे. थेपले, चटणी आणि दशम्या सोबत न्याव्यात. आणि त्याच बाईंना चुकूनही ‘इंग्लिश’ म्हणू नये, त्या स्कॉटिश असतात.

उन्हाळ्यात मिज नावाचे मोहरीहूनही बारीक चावरे किडे असतात. वारा पडला आणि आभाळ भरून आले की ते थव्यांनी येतात, तेव्हा स्मिज नावाचा फवारा स्थानिक दुकानातूनच घ्यावा आणि तोही दुकान बंद होण्यापूर्वी.