मिरगाच्या आधी संगणकाचा बॅकअप: रेस्टिक कसे वापरावे

मे सरत आला की गोव्यात ढग गडगडू लागतात आणि विजेची ये-जा सुरू होते. या दिवसांत संगणकाला कायम जोडलेली हार्ड डिस्क म्हणजे बॅकअप नव्हेच. वायरीतून एक लोळ आला की दोन्ही एकदम जातात. गावच्या उत्सवातल्या नाटकांच्या जुन्या संहिता किंवा भजनांची रेकॉर्डिंग तुमच्या संगणकावर असतील, तर मूळ वह्या दमट हवेने विरण्याआधीच हे काम उरका.

रेस्टिक हे बॅकअपचे मोफत, मुक्तस्रोत साधन टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, आज्ञा टाइप करून चालते. आज्ञा रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायच्या. उबुंटू या लिनक्स प्रणालीवर ‘सुडो एप्ट इन्स्टॉल रेस्टिक’ म्हटले की ते बसते.

आता बाहेरची डिस्क जोडा. ‘रेस्टिक’, ‘डॅश आर’, डिस्कवरच्या फोल्डरचा पत्ता आणि शेवटी ‘इनिट’ असे लिहिले की साठा, म्हणजे प्रती ठेवायची जागा, तयार होतो. त्यासाठी रेस्टिक पासवर्ड मागेल. इथे घाई नको. सगळा मजकूर एईएस-२५६ पद्धतीने कुलूपबंद होतो आणि पासवर्ड हरवला तर तो कुणालाच उघडता येत नाही. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. साठा मंडळाचा असेल तर ‘की ॲड’ने चिटणिसांसाठी दुसरा पासवर्ड जोडा. एकाच माणसाच्या आठवणीवर गावाचा ठेवा टांगून ठेवू नये.

पुढच्या प्रत्येक आज्ञेतही ‘डॅश आर’ आणि साठ्याचा पत्ता येतोच. ‘बॅकअप’ आणि फोल्डरचा पत्ता दिला की प्रत तयार होते. पहिल्यांदा वेळ लागतो, नंतर फक्त बदललेला भाग जातो. साध्या कॉपी-पेस्टमध्ये बिघडलेली फाइल चांगलीवर बसते आणि चांगली कायमची जाते. इथे प्रत्येक वेळची प्रत वेगळी राहते. ‘स्नॅपशॉट्स’ लिहिले की तारखांसह यादी दिसते.

खरी परीक्षा पुढे आहे. ‘रिस्टोअर लेटेस्ट’, मग ‘डॅश डॅश टार्गेट’ आणि एका रिकाम्या फोल्डरचा पत्ता द्या. परत आलेल्या फाइल उघडून बघा: स्कॅनमधली अक्षरे वाचता येतात का, पद शेवटपर्यंत वाजते का. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नेमके तिथेच फसतात. ‘चेक’ साठ्याची रचना तपासते. आतला सगळा मजकूर वाचून तपासायचा तर त्याला ‘डॅश डॅश रीड-डेटा’ जोडा.

जागा कमी पडू लागली तर ‘फरगेट’ला ‘कीप-विकली ८’ आणि ‘प्रून’ हे पर्याय द्या, दोन्हींच्या आधी ‘डॅश डॅश’ लावून. पहिल्याने आठ आठवड्यांची दर आठवड्याची एकेक प्रत राहते, दुसऱ्याने नको असलेला मजकूर पुसून जागा मोकळी होते. आधी ‘डॅश डॅश ड्राय-रन’ जोडून काय जाणार ते पाहून घ्या.

काम झाले की डिस्क नीट ‘इजेक्ट’ करून काढा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. दुसऱ्या डिस्कवर असाच वेगळा साठा करून ती दुसऱ्या गावी पाठवा. तुम्ही फोंड्याला असाल तर वाळपईच्या नातेवाइकांकडे चालेल. चवथीला आणि शिगम्याला जाणे-येणे होतेच, तेव्हा डिस्कची अदलाबदल करा.