पुळणीत गाडी घालायच्या आधी टायरची हवा काढा

समुद्र म्हणजे आपल्या नागपूरकरांसाठी समृद्धीचे ७०१ किलोमीटर संपल्यावर सुरू होणारी गोष्ट, त्यामुळे तिथे पोचेपर्यंत अंगात इतका जोश भरलेला असतो की दिसला किनारा की घातली गाडी. मीही तेच केलं होतं. जुनी डस्टर एडब्ल्यूडी, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी, पुढची-मागची चाकं जोडणाऱ्या लॉकचा नॉब फिरवला आणि वाटलं झालं आता आपलं काम. चाळीस-पन्नास फूट गेलो असेन, मग डबक्यात म्हैस बसते तशी गाडी बसली. बाजूला एक आजोबा जाळं शिवत बसले होते, ते मानही वर न करता म्हणाले, "अहो, पुळणीत कशाला घातलीत गाडी? घातलीत ती घातलीत, चाकातली हवा तरी काढायची."

आपण जिला रेती म्हणतो तिला ते वाळू म्हणतात, आणि किनाऱ्यावरच्या त्या मऊ पट्ट्याला पुळण. मुद्दा हवेचा. खाली जे लिहून राहिलो त्यातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर तेवढंच ठेवा, बाकी सगळं त्याच्यामागून येतं.

आधी परवानगीचं बोलून टाकतो. गोव्यात बीचवर गाडी चालवायला बंदी आहे. कोकणातही बऱ्याच किनाऱ्यांवर मनाई आहे, पर्यटकांच्या गाड्या अडकतात आणि वरून गुन्हा दाखल होतो तो वेगळाच. म्हणून गावात विचारा, बोर्ड वाचा, नाही म्हटलं तर नाही. मी घातली तेव्हा विचारलं नव्हतं, ती माझी चूकच. थंडी ते उन्हाळा कोकणात कासवं अंडी घालायला येतात, भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या रेतीत त्यांची घरटी असतात आणि वरून काही दिसत नाही, म्हणून त्या पट्ट्यात चाक घालायचंच नाही. कायदेशीर आणि निवांत पाहिजे असेल तर केरळात कण्णूरजवळ मुझप्पिलंगाड आहे, साधारण चार किलोमीटरचा बीच, गाडी चालवायलाच प्रसिद्ध. तिथली रेती इतकी घट्ट की साधी हॅचबॅकही आरामात जाते.

पण थेट समुद्रावर शिकू नका राजेहो. आपल्याकडे कन्हान नदी आहे ना. मावसभावाचं शेत नदीकाठी आहे, मे महिन्यात शेताच्या कडेला रेती अशी कोरडी पडते की पाय घोट्यापर्यंत जातो. त्याला विचारून तिथेच प्रॅक्टिस केली. डिक्कीत दोन फावडे पाहून पहिल्याच दिवशी एक काका बांधावरून ओरडले, "काहून रे, रेती भरून राहिले का?" समजावता समजावता अर्धा तास गेला. रेतीघाटाकडे मात्र जाऊ नका. एक तर टिप्परची ये-जा, दुसरं म्हणजे उपसा केलेले खड्डे वरून सपाट दिसतात आणि आत पाणी नाहीतर पोकळ रेती असते. आणि पात्रात डांगरवाडी, म्हणजे रेतीतली टरबूज-खरबुजाची लागवड असेल तर तिच्या जवळपासही चाक नको, लोकांचं वर्षाचं पीक असते ते.

आता हवा. रस्त्यावर टायरमध्ये ३२-३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असते. रेतीवर उतरायच्या आधी, घट्ट जमिनीवर असतानाच, चारही टायर १८ वर आणा. कमी हवेने टायरचा ठसा रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा थोडा, त्यामुळे तेच वजन जास्त जागेवर पसरते आणि गाडी रेती कापत नाही, तिच्यावरून चालते. इथेच हलक्या गाडीचा फायदा. जिप्सी हजार किलोच्या आतली, जिम्नी बाराशेच्या आसपास, डस्टर त्याहून थोडी जड, आणि दोन टनाच्या वरची मोठी एसयूव्ही आमच्या शेजारी रुतलेली असताना आम्ही निघून गेलो असं माझ्यासमोर झालं आहे, ताकद तिची दुप्पट असून. १८ वर गाडी ओढत नसेल तर १५. बारा-तेराच्या खाली ट्यूबलेस टायरचं काही खरं नाही, जरा वळवलं की टायर रिमवरून सुटतो आणि मग किनाऱ्यावर काही करता येत नाही.

हवा काढायला व्हॉल्व्हची पिन काडीने दाबून धरली तरी चालते, एका टायरला दोन-तीन मिनिटं लागतात. पण प्रेशर गेज स्वतःचा आणि चांगला घ्या, अंदाजाने करू नका, आणि लांबून आल्या आल्या मोजलं तर टायर गरम असल्याने आकडा तीन-चारने जास्त दिसतो हे धरून चाला. बारा व्होल्टचा कंप्रेसर सोबत पाहिजेच, नाहीतर परत डांबरावर १५ पीएसआयने पंपापर्यंत जाणार का? माझा एका टायरला सहा-सात मिनिटं घेतो आणि दोन टायरनंतर तापून बंद पडतो, मग त्याला सावलीत ठेवून चहा प्यायचा. घाई करून कमी हवेत वेगाने गाडी पळवली तर टायरची साइडवॉल तापून फाटते.

सेटिंगचं सांगतो. डस्टर किंवा ग्रँड विटारासारख्या गाडीत एरवी पुढची चाकं ओढतात आणि घसरायला लागली की मागच्यांना ताकद जाते, रेतीत तोवर उशीर झालेला असतो. म्हणून उतरायच्या आधीच लॉक. जिम्नी-जिप्सीवाल्यांनी फोर-व्हील आधीच लावायचं, रेती फारच मऊ असेल तर लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त ओढ देणारा गिअर. आम्हा एडब्ल्यूडीवाल्यांकडे लो रेंज नाही, आणि मागच्या चाकांना जोडणारा क्लच फार वेळ घसरला तर तापतो, मग गाडी गुपचूप फक्त पुढच्या चाकांवर येते. तेव्हा रेस देत बसण्यात काही अर्थ नाही. ईएसपी किंवा ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेचं बटण असेल तर बंद करा. चाक जरा फिरलं की ते इंजिनची ताकद कापते, आणि रेतीत नेमकी तेव्हाच ताकद पाहिजे असते.

चालवताना पहिल्यात उचला, लगेच दुसरा, आणि मग दुसऱ्यातच राहा. गिअर बदलायला जो अर्धा सेकंद लागतो तेवढ्यातच रेती गाडीला धरते, म्हणून मऊ जागा यायच्या आधी गिअर ठरलेला पाहिजे. वीस ते तीसचा वेग पुरे. डस्टरचं डिझेल इंजिन १८०० आरपीएमच्या खाली मेल्यासारखं होते, टर्बो जागा व्हायची वाट पाहत बसलो की रुतलोच, तर सुई दोन हजारच्या वर ठेवून एकसारखा पाय. जोर नाही, एकसारखा. स्टीअरिंग घट्ट धरून भांडू नका, ते थोडं डावं-उजवं होईल, होऊ द्या. आधीच्या गाडीचे चाकोरे असतील तर त्यातूनच जा, तिथली रेती दबलेली असते.

वळायचं असेल तर मोठा गोल घ्या. कापून वळलं की पुढची चाकं आडवी होऊन फावड्यासारखी रेती ढकलतात. आणि ब्रेक, हे सगळ्यात अवघड, कारण पाय आपोआप जातो. ब्रेक दाबून थांबलं की प्रत्येक चाकापुढे रेतीचा ढीग जमतो आणि निघताना आधी तो ढीग चढावा लागतो. नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गाडी दहा पावलांत स्वतःच थांबते. थांबायची जागा उतरती निवडा, तोंड उताराकडे.

आता रुतल्यावर. रुतणार आहात, मान्य करून टाका. गाडी पुढे जात नाही आणि चाक फिरून राहिलं असं कळलं की त्याच क्षणी पाय काढायचा. "थोडी आणखी देऊन पाहतो" असं म्हणून मी तीन सेकंद दिली होती तर चेसिसपर्यंत बसली, आणि पोट एकदा रेतीला टेकलं की चाकांवर वजनच राहत नाही, मग ऑल व्हील काय न् काय. सगळ्यांना खाली उतरवा, चार माणसं म्हणजे अडीचशे किलो. आधी रिव्हर्स करून पाहा, स्वतःच्या चाकोऱ्यावरून, बहुतेक वेळा तेवढ्यातच निघते.

नाही निघाली तर फावडं. लोक फक्त चाकाभोवती खणतात, खणायचं असतं चाकाच्या जायच्या दिशेला, हात-दीड हात लांब उतार करून, आणि पोटाखालची रेती बाहेर ओढायची. कंटाळवाणं काम आहे, पंधरा मिनिटं जातात, पण करायचंच. मग हवा आणखी दोन-तीनने कमी. चाकाखाली घालायला रिकव्हरी बोर्ड (चाकाला पकड देणारी खाचांची पट्टी) असेल तर उत्तम, नाहीतर तागाचं पोतं ओलं करून घाला. गाडीतल्या रबरी मॅट घालू नका. माझी एक मॅट चाकाने अशी मागे भिरकावली की मित्राच्या नडगीला लागली. जॅक लावायची वेळ आली तर खाली फळी पाहिजे, नाहीतर गाडी वर जायच्या ऐवजी जॅक खाली जातो. मी आईचा स्वयंपाकघरातला जुना पाट नेला होता, त्याच्यावर जॅक एकदम पक्का बसला.

ट्रॅक्टरने ओढायचं ठरलं तर ओढायचा हूक घरीच शोधून ठेवा. बऱ्याच गाड्यांत तो स्टेपनीजवळ असतो आणि बंपरमधलं झाकण काढून आट्यांवर बसवायचा असतो, अर्धा नाही तर पूर्ण टाइट. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. हूक तुटला की तो गोळीसारखा येतो.

भरती-ओहोटीचं आपल्याला डोक्यातच नसते, नदी काय दुपारी वर येत नाही. ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास, एवढाच वेळ किनाऱ्यावर. टाइड टेबल मोबाईलवर मिळते, पण जुना हिशोबही कामाचा आहे, तिथीला पाऊणपट केलं की मुंबई बाजूला भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती आणि साधारण बाराला ओहोटी. पौर्णिमेला सव्वा अकराला भरती, संध्याकाळी साडेपाचच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असते, पाणी खूप आत जाते, किनारा मोठा दिसतो आणि मोह होतो, पण परत येतानाही ते तेवढ्याच जोरात येते आणि तोवर अंधार पडलेला असतो. मला म्हणून अष्टमीच्या आसपासची दुपार बरी वाटते, पट्टा अरुंद मिळतो पण डोकं शांत राहते.

चालवायचं कुठे, तर भरतीच्या रेषेच्या खाली, पाणी नुकतंच उतरलेल्या घट्ट ओल्या पट्ट्यात. अगदी पाण्याला लागून नाही. तिथे गाडी उभी केली तर लाटेगणिक चाकाखालची रेती धुऊन जाते आणि गाडी उभ्या उभ्या खाली बसते. ओढे किंवा खाडीचं तोंड दिसलं की तिथूनच वळा.

परत आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा, नुसती वरून चमकवून उपयोग नाही, मीठ ब्रेकच्या पाइपाला आणि सायलेन्सरला खाते. एअर फिल्टर काढून झटका. आणि एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. परतीला समृद्धीवर शंभरला स्टीअरिंग थरथरायला लागलं, मला वाटलं सस्पेन्शन गेलं, हजारोंचा खर्च डोळ्यासमोर आला. पुढच्या पंपावर वाकून पाहिलं तर रिमच्या आतल्या बाजूला ओली रेती चिकटून वाळलेली होती, एकाच जागी, मुठीएवढी. स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढली आणि थरथर बंद.