गाळा भाड्याचा, माल आपला: करार आणि पॉलिसी शेजारी ठेवून कसे वाचावे

भाड्याच्या जागेत धंदा सुरू करताना दोन कागदांवर सह्या होतात, भाडेकरार आणि विम्याचा प्रस्ताव. पहिला वकील वाचतो, दुसरा एजंट भरतो, आणि दोन्ही शेजारी ठेवून कुणीच वाचत नाही. मग करारात अंगावर घेतलेली एखादी जबाबदारी पॉलिसीत कुठेच नसते. आग विझल्यावर किंवा पाणी ओसरल्यावर खिशातून जाणारा पैसा बऱ्याचदा याच फटीतून गळतो. विमा नसल्यामुळे बुडालेले धंदे आहेतच. पण हप्ते वेळेवर भरूनही निम्मीच रक्कम हातात येणे, हे जास्त जिव्हारी लागते.

सहीच्या आधी: जागा

जागा बघायला दोनदा जा, त्यातली एक खेप जोराचा पाऊस चालू असताना. ते जमले नाही तर कोरड्या दिवशी भिंतीचा खालचा भाग नीट बघा. घोट्याच्या किंवा गुडघ्याच्या उंचीवर सगळ्या भिंतींना एकाच पातळीत आडवी रेघ दिसली, तर तिथवर कधीतरी पाणी चढले होते. वर जुना रंग आणि खालच्या हातभर पट्ट्याला तेवढा नवा, असे दिसले तर थेट विचारा. शटरची खालची पट्टी गंजली आहे का, दाराची चौकट तळाशी फुगली आहे का, हेही तपासा. रंग मारून भिंत लपते, फुगलेले लाकूड लपत नाही. आणि भिंतीवर एकाच जागी डाग असेल, तर तो पुराचा नसून वरच्या नळाचा असू शकतो. त्याचे भांडण वेगळे.

मग मीटरचा बोर्ड उघडून घ्या. स्विचभोवती तपकिरी डाग, मऊ पडून वाकलेले प्लास्टिक किंवा करपट वास म्हणजे तिथे भार झेपत नव्हता. एकाच वेळी चालणाऱ्या तुमच्या यंत्रांच्या पाट्यांवरचे वॅट जोडा. बेरीज १४ किलोवॅट आणि मंजूर भार १० असेल, तर भार वाढवायचा आणि वायरिंग बदलायचे खर्च कोणाचे, हे सहीच्या आधीच ठरवा. ताबा मिळाल्यावर हा प्रश्न काढलात, तर उत्तर तुमचे तुम्हालाच द्यावे लागते.

शेजारच्या गाळ्यात काय साठवतात तेही बघा. रंग, थिनर, फोम, रद्दी असा माल शेजारी असेल तर धोका भिंतीपलीकडे बसलेला आहे, आणि विमा कंपनी तो धरूनच हप्ता ठरवू शकते.

मालकी हक्काची कागदपत्रे वकील बघेलच. एक प्रश्न मात्र स्वतः विचारा: जागा कर्जापोटी गहाण आहे का? असेल तर बँकेची लेखी संमती मागा. मालकाचे हप्ते थकून बँकेने ताबा घेतला, तर संमतीशिवाय झालेला भाडेकरार बँकेवर बंधनकारक असेलच असे नाही, आणि तुमची अनामत रक्कमही अडकते. भाडे चटई क्षेत्रावर आहे की बांधीव क्षेत्रावर, हे टेप लावून एकदा मोजलेले बरे.

करारातली चार कलमे

पहिले, नुकसानीचे. ‘जागेच्या कोणत्याही नुकसानीस भाडेकरू जबाबदार राहील’ हे वाक्य निरुपद्रवी वाटते, पण याचा अर्थ उद्या इमारत जळाली तर तीही तुमच्या माथी. त्यात ‘भाडेकरूच्या हलगर्जीमुळे झालेल्या’ एवढे शब्द घालून घ्या, आणि वापराने होणारी झीज वगळा.

दुसरे, भाडेमाफीचे. आगीनंतर गाळा चार महिने वापरता आला नाही तरी भाडे चालू राहील का? करार गप्प असेल तर वाद ठरलेला. जागा जितकी निकामी, तितक्या प्रमाणात भाडे बंद, आणि ठरलेल्या मुदतीत, समजा १८० दिवसांत, दुरुस्ती झाली नाही तर लॉक-इन, म्हणजे जागा सोडता न येण्याची ठरलेली मुदत, चालू असतानाही भाडेकरूला बाहेर पडता येईल, असे लिहून घ्या. लॉक-इनचे कलम वाटाघाटीत नेहमी भाववाढीच्या संदर्भातच चर्चिले जाते. जळक्या गाळ्याला ते कसे लागू होईल, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

तिसरे, तुम्ही केलेल्या कामाचे. पोटमाळा, खोटे छत, काउंटर, काचेची दर्शनी बाजू यांची मालकी कोणाची? भिंतीला पक्के बसवलेले काम इमारतीचा भाग धरले गेले, तर मालकाच्या पॉलिसीत ते मोजलेले नसते आणि तुमच्या पॉलिसीत ‘फर्निचर’ एवढ्याच शब्दात बसतही नाही. करारात मालकी लिहा आणि पॉलिसीत ‘भाडेकरूने केलेली सुधारणा व सजावट’ अशी वेगळी रक्कम दाखवा. जागा सोडताना ‘मूळ स्थितीत’ परत द्यायची असेल, तर मूळ स्थितीचे तारखेसह फोटो ताब्याच्या दिवशीच काढून, दोघांच्या सह्यांनिशी कराराला जोडा.

चौथे कलम सर्वांत कमी माहीत असलेले, म्हणून त्यावर जरा थांबू. मालकाने इमारतीचा विमा उतरवला आहे म्हणून अनेक भाडेकरू निर्धास्त असतात. मालकाची विमा कंपनी त्याला भरपाई देते आणि मग त्याच्या जागी उभी राहून, आग ज्याच्या चुकीने लागली त्याच्याकडून वसुली करू शकते. यालाच सब्रोगेशन म्हणतात. तुमच्या माणसाने हीटर चालू ठेवून कुलूप लावले, तर ती नोटीस तुमच्या पत्त्यावर येईल. उपाय दोन. एक, परस्परांच्या विमा कंपन्यांनी वसुलीचा हक्क सोडल्याचे कलम करारात घालणे. त्यासाठी दोन्ही कंपन्यांची लेखी मान्यता आधी हवी, कारण त्यांना न विचारता तुम्ही हक्क सोडलात तर तुमचाच दावा अडचणीत येतो. दुसरा, तुमच्या पॉलिसीत भाडेकरू म्हणून इमारतीच्या नुकसानीच्या कायदेशीर जबाबदारीचे संरक्षण घेणे. पहिला उपाय स्वस्त, दुसरा मिळवायला सोपा.

रक्कम ठरवताना

हप्ता वाचवायला विमा रक्कम कमी लिहिण्याची सवय सगळ्यात महाग पडते. समजा गाळ्यात प्रत्यक्ष माल ५० लाखांचा आणि विमा ३० लाखांचा. आगीत १० लाखांचा माल गेला. ‘३० लाखांचा विमा आहे, १० तर मिळतीलच’ असे वाटते. पॉलिसीत सरासरीचे कलम असेल, आणि मालमत्तेच्या विम्यात ते सर्रास असते, तर नुकसानीला ३० भागिले ५० ने गुणतात. मिळतात ६ लाख, त्यातूनही तुमच्या वाट्याची ठरलेली रक्कम, म्हणजे एक्सेस, वजा होते. उरलेल्या भागाची विमा कंपनी तुम्ही स्वतःच, असा त्यामागचा हिशेब.

रक्कम जाणूनबुजून कमी लिहिलेली असते असेही नाही. मोसमात साठा दुप्पट होतो, कच्च्या मालाचा भाव चढतो, आणि पॉलिसीवर तीन वर्षांपूर्वीचाच आकडा राहतो. म्हणून रक्कम वर्षाच्या सरासरीवर नको, साठा सर्वांत जास्त असतो त्या महिन्यावर ठरवा. चढउतार फार मोठा असेल तर दर महिन्याला साठा कळवून हप्त्याचा मेळ नंतर घालायची घोषणा पॉलिसी मिळते का ते विचारा. त्यात घोषणा पाठवायला विसरणे हीच मोठी चूक, तेव्हा ती तारीख हिशेबनिसाच्या कामाच्या यादीत पक्की करा.

व्यापाऱ्याचा माल साधारणपणे खरेदीखर्चाने मोजतात. विक्रीच्या भावाने रक्कम लिहिलीत तर हप्ता जास्त जातो, भरपाई वाढत नाही. यंत्रांचे उलट. आठ वर्षांपूर्वी ६ लाखांना घेतलेले यंत्र आज नवे १० लाखांना असेल आणि घसारा धरून त्याची किंमत ४ लाख उरली असेल, तर बाजारमूल्यावरच्या विम्यात ४ लाख मिळतील. पुनर्स्थापना मूल्यावर विमा घेतला तर नव्या यंत्राची किंमत मिळते, मात्र विमा रक्कम १० लाख हवी आणि यंत्र खरोखर बदलावे लागते. पैसे घेऊन ते दुसरीकडे वळवायचे असतील, तर घसारा वजा होऊनच रक्कम येते.

दुरुस्तीला किंवा जॉबवर्कसाठी गिऱ्हाइकाचा माल तुमच्याकडे येत असेल, तर तो ‘स्वतःच्या मालात’ मोजला जात नाही. ‘विश्वासाने ठेवलेला, इतरांचा माल’ हे शब्द पॉलिसीत घालून घ्या.

शटर बंद असतानाचे महिने

आगीचा विमा जळालेल्या वस्तूचे पैसे देतो. बंद पडलेल्या धंद्याचे देत नाही. पगार, भाडे, कर्जाचे व्याज मात्र सुरूच असते. त्यासाठी व्यवसाय-खंडाचा विमा वेगळा घ्यावा लागतो. त्यातला ढोबळ नफा हिशेबवहीतल्यासारखा नसतो. विक्रीतून फक्त विक्रीबरोबर कमी होणारे खर्च वजा करायचे: माल, पॅकिंग, वाहतूक. महिन्याची विक्री २० लाख आणि हे खर्च १३ लाख असतील तर ढोबळ नफा ७ लाख, वर्षाचे ८४ लाख. धंदा वाढता असेल तर पुढच्या वर्षाचा अंदाज धरा, नाहीतर सरासरीचे कलम इथेही आडवे येते.

भरपाईची मुदत किती ठेवायची? गाळा पुन्हा उघडला की झाले, असे धरून सहा महिने लिहितात. ती पुरत नाही. मलबा काढणे, परवानगी, बांधकाम, यंत्र मागवणे आणि सर्वांत शेवटी, दुसरीकडे गेलेले गिऱ्हाईक परत येणे, एवढे सगळे त्या मुदतीत बसले पाहिजे. यंत्र परदेशातून येणार असेल तर १२ महिनेही अपुरे पडू शकतात.

हा विमा सहसा ‘विमा असलेल्या मालमत्तेचे प्रत्यक्ष नुकसान’ झाल्यावरच लागू होतो. २०२० मध्ये कोविडमुळे दुकाने बंद झाली तेव्हा जगभरच्या अनेक व्यावसायिकांना हे कलम पहिल्यांदा दिसले: धंदा बंद, पण जळालेले किंवा भिजलेले काहीच नाही. ब्रिटनमध्ये तर पॉलिसीतल्या शब्दांचा अर्थ लावायला प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जानेवारी २०२१ मध्ये निकाल लागला. दुसरा धडा २०११ चा. थायलंडमधल्या पुरात हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले आणि पाण्याचा थेंबही न लागलेल्या दूरदेशीच्या कंपन्यांना सुटे भाग मिळेनात. तुमचा धंदा एकाच पुरवठादारावर उभा असेल तर त्याच्या जागेवरील नुकसानीपर्यंत संरक्षणाचा विस्तार त्याचे नाव घालून घ्या.

बारीक टाइपातले

चोरीच्या पॉलिसीत बहुधा जबरदस्तीने आत शिरल्याची खूण लागते: तुटलेले कुलूप, वाकवलेले शटर. दिवसा गर्दीत उचललेला माल किंवा नोकराने हळूहळू लांबवलेला साठा त्यात येत नाही. नोकराच्या अफरातफरीसाठी वेगळे संरक्षण असते. आगीच्या पॉलिसीत ज्या मोटरमध्ये शॉर्टसर्किट झाले ती मोटर सहसा वगळलेली असते, तिथून पसरलेल्या आगीचे नुकसान मात्र मिळते. झिरपणारे पाणी, झीज, बुरशी हे बहुतेक ठिकाणी बाहेर. जागा सलग ३० दिवस रिकामी राहिली तर अनेक पॉलिस्यांत संरक्षण थांबते. नूतनीकरणासाठी गाळा बंद ठेवणाऱ्यांनी हे आधी कळवावे. तळघरातला माल जमिनीपासून १० ते १५ सेंमी वर ठेवण्याची अट असेल तर लाकडी पॅलेट घ्या आणि ते भरलेले असतानाचा फोटो दर तिमाहीला काढा.

वापर बदलला की कळवणे हे सगळ्यात जास्त विसरले जाते. कापडाच्या गोदामात एका कोपऱ्यात छपाई सुरू केली, थिनरचे चार डबे आले, आणि प्रस्तावात अजून ‘फक्त साठवण’च आहे. त्या एका ओळीवर दावा फेटाळला जाऊ शकतो. करारातला ‘वापराचा उद्देश’ आणि पॉलिसीतला ‘व्यवसाय’ शब्दशः सारखे ठेवा. खेळत्या भांडवलासाठी साठा बँकेकडे तारण असेल तर पॉलिसीवर बँकेचे नाव येते आणि भरपाई आधी बँकेत जाते. दुकान उभे करायला हाती रोकड लागेल ती वेगळी राखावी लागते.

नुकसान झाल्या दिवशी

माणसे बाहेर, वीज बंद, अग्निशमन दल. त्यानंतर विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, फोनवर आणि लेखीही, आणि दावा क्रमांक लिहून घ्या. चोरी असेल तर पोलिसांत तक्रार. नुकसान वाढू न देणे ही तुमची जबाबदारी आहे: छत उघडे असेल तर ताडपत्री टाका, भिजलेल्या गठ्ठ्यांतून कोरडे वेगळे करा. पण हात लावण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा, आणि जळका माल सर्व्हेअरने, म्हणजे विमा कंपनीने नुकसान मोजायला नेमलेल्या माणसाने, बघितल्याशिवाय भंगारात देऊ नका. स्वच्छतेच्या घाईत पुरावाच ट्रकमध्ये जातो.

सर्व्हेअर पहिल्यांदा साठ्याचे रजिस्टर मागतो. ते काउंटरच्या खणात असेल तर मालाबरोबर तेही गेलेले असते. खरेदीची बिले, साठ्याचा तक्ता, यंत्रांची बिले आणि पॉलिसीची प्रत यांचा आठवड्याला एक संच गाळ्याबाहेर, ऑनलाइन किंवा घरी, हवा. नुकसानीची यादी वस्तुनिहाय करा: नग, खरेदी दर, बिल क्रमांक. ‘अंदाजे’ हा शब्द यादीत जितका कमी, तितके सर्व्हेअरचे प्रश्न कमी.

शेवटी भरपाईची पावती समोर येते. त्यावर ‘पूर्ण व अंतिम’ असे छापलेले असते. रक्कम मान्य नसेल तर सहीआधी हरकत लेखी द्या, मान्य भागापोटी अंशतः रक्कम मागा आणि कपातीचा हिशेब कलम क्रमांकांसह कागदावर घ्या. गाळ्याचे भाडे थकले आहे म्हणून घाईत सही केली, तर बाकीच्या रकमेसाठी भांडायला जागा फारच थोडी उरते.