आधी माल, मग स्क्रीन: गोदाम व्यवस्थापनात नव्याने येणाऱ्यांसाठी अनुभवकथन

वाणिज्य शाखेची पदवी घेऊन किंवा आयटीआय करून कोल्हापुरात नोकरी शोधणाऱ्या बऱ्याच मुलामुलींना गोदामातील काम म्हणजे पोती मोजणे आणि वहीत आकडे भरणे एवढेच वाटते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या औद्योगिक वसाहती, गांधीनगरची कापडाची घाऊक बाजारपेठ, शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतील व्यापारी पेढ्या या सर्वांचा व्यवहार शेवटी कोणत्या ना कोणत्या गोदामातून होतो, आणि त्या गोदामांत आता गोदाम व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर, म्हणजेच डब्ल्यूएमएस, येऊ लागले आहे. किराणा आणि नित्योपयोगी वस्तूंच्या वितरकाकडे हे काम करताना जे शिकायला मिळाले, ते या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी येथे मांडत आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा मुख्य भर माल एकूण किती शिल्लक आहे आणि त्याची किंमत किती, यावर असतो. तो माल कोणत्या रॅकच्या कोणत्या कप्प्यात आहे, त्यातला कोणता आधी बाहेर काढायचा आणि तो कोणी, केव्हा हलवला, हे सांगणे डब्ल्यूएमएसचे काम आहे. परंतु माल प्रत्यक्ष हलतो त्याच क्षणी त्याची नोंद झाली, तरच स्क्रीनवरचे उत्तर खरे ठरते. पेटी सकाळी हलवायची आणि नोंद संध्याकाळी एकदम करायची, अशी सवय असलेल्या गोदामात कितीही महागडे सॉफ्टवेअर आणले तरी दिवसभर ते चुकीचीच माहिती दाखवत राहते. म्हणून नवोदिताने आधी माल ओळखावा, मालाची वाट ओळखावी आणि मग स्क्रीनकडे वळावे, असे माझे ठाम मत आहे.

कामाची सुरुवात कप्प्यांना पत्ते देण्यापासून होते. ओळ, रॅक, मजला आणि कप्पा अशा क्रमाने प्रत्येक जागेला एक क्रमांक दिला जातो. उदाहरणार्थ, ०४-१२-३-२ म्हणजे चौथ्या ओळीतील बाराव्या रॅकच्या तिसऱ्या मजल्यावरील दुसरा कप्पा. अनेक ठिकाणी ओळींना इंग्रजी अक्षरे देतात, पण मला त्यापेक्षा अंक बरे वाटतात. गोदामात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ओरडून सांगताना ‘बी’, ‘डी’ आणि ‘ई’ ऐकायला सारखेच येतात, आणि माल चुकीच्या ओळीत जाऊन बसतो. तो माल हरवलेला नसतो, चोरीलाही गेलेला नसतो. तरीही सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तो सापडत नाही, आणि दुकानदाराला ‘माल संपला’ असे सांगावे लागते. पत्त्याची चिठ्ठी डोळ्यांच्या उंचीवर, ठळक अक्षरांत आणि बारकोडसह लावलेली असावी. वरच्या मजल्यांचे बारकोड खालीच एका पट्टीवर एकत्र लावले, तर प्रत्येक वेळी शिडी लागत नाही.

आवक घेताना सर्वाधिक काळजी एककांची घ्यावी लागते. कंपनी पेटीत बिल करते, आपण दुकानदाराला कधी पेटी देतो, कधी आतला छोटा बॉक्स, तर कधी सुटे नग. पेटीत १२ बॉक्स आणि बॉक्समध्ये २४ नग असतील, तर एका पेटीचे २८८ नग होतात. हे गुणोत्तर मास्टरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधील वस्तूंच्या मूळ नोंदीत, एकदा चुकीचे भरले गेले, की पुढचा प्रत्येक व्यवहार चुकत जातो आणि चूक कुठे सुरू झाली हे शोधणे कठीण होते. दुसरा मुद्दा कमाल विक्री किमतीचा. बारकोड एकच असतो, पण जुन्या आणि नव्या किमतीचा माल एकाच वेळी रॅकवर असू शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि साबण, टूथपेस्ट, बिस्किटे यांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा किमतीनुसार मालाची वेगळी बॅच, म्हणजे वेगळा गट, ठेवण्याची शिस्त किती मोलाची आहे, हे वितरणात काम करणाऱ्यांना नव्याने जाणवले असेल.

बारकोडबद्दल जाता जाता सांगतो. ८९० या अंकांनी सुरू होणारा क्रमांक जीएस१ इंडिया या बारकोड क्रमांक देणाऱ्या संस्थेकडे नोंदलेला असतो. ती वस्तू भारतातच तयार झाली, असा त्याचा अर्थ नाही. १३ अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या १२ अंकांवरून काढलेला तपासणी अंक असतो, त्यामुळे हाताने क्रमांक टाकताना एखादा अंक चुकला तर यंत्र तो स्वीकारत नाही.

माल बाहेर काढण्याचा क्रम हा या कामाचा गाभा आहे. ‘आधी आलेला माल आधी बाहेर’ हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. पण मुदत संपणाऱ्या वस्तूंना तो पुरत नाही, कारण कंपनीच्या डेपोतून आज आलेल्या बिस्किटांची मुदत मागच्या आठवड्यात आलेल्या बिस्किटांच्या आधी संपणारी असू शकते. त्यामुळे खाद्यपदार्थ आणि औषधे यांसाठी ‘ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर’ हा नियम सॉफ्टवेअरमध्ये निवडावा लागतो, आणि तो चालण्यासाठी आवक घेताना प्रत्येक बॅचची मुदत नोंदवावी लागते. घाईच्या दिवसांत हीच नोंद टाळली जाते. नवोदिताने येथे अजिबात तडजोड करू नये. मुदत संपलेला एक बॉक्स परत आला, की दुकानदाराचा विश्वास आणि वितरकाचे पैसे दोन्ही जातात.

सॉफ्टवेअरला न कळणाऱ्याही अनेक गोष्टी आहेत आणि त्या जुन्या माणसांकडून शिकाव्या लागतात. आमच्या गोदामात साखरेच्या पोत्यांसाठी सॉफ्टवेअरने रिकामा दाखवलेला कप्पा मागच्या भिंतीला लागून होता. जून महिना होता. हमाली करणारे अण्णा पोते पाठीवर घेऊन तिथे गेले, त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, “इथं नगो, पावसात ह्या भिंतीला ओल चढती. चार दिसांत खालची पोती पाझराय लागतील.” हात लावून पाहिला, तर चुना खरोखरच गार आणि दमट होता. त्यानंतर भिंतीलगतचे ते कप्पे पावसाळ्यापुरते सॉफ्टवेअरमध्ये बंद केले आणि साखर, मीठ व पीठ आतल्या रॅकवर लाकडी पॅलेटवर हलवले. असा नियम कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेत मिळणार नाही; मात्र अण्णांचे म्हणणे ऐकून तो सॉफ्टवेअरमध्ये भरता येतो, आणि तसा भरला की पुढच्या वर्षी नवा माणूस आला तरी तो पाळला जातो.

वितरणाच्या बाजूने पाहिले, तर गाडी भरण्याचा क्रम मार्गाच्या उलटा असावा लागतो. गाडी गडहिंग्लजला आधी, मग नेसरीला आणि शेवटी चंदगडला जाणार असेल, तर चंदगडचा माल सर्वांत आत आणि गडहिंग्लजचा दाराशी. मार्ग सॉफ्टवेअरमध्ये नीट नोंदलेला असेल, तर पिकिंगची, म्हणजे रॅकवरून माल काढण्याची, यादीही त्याच क्रमाने निघते. अन्यथा चालक आणि मदतनीस प्रत्येक दुकानासमोर अर्धी गाडी उतरवून पुन्हा भरत बसतात. ५० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल राज्याबाहेर जाणार असेल, तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन दाखला, गाडी सुटण्यापूर्वी तयार हवे. सर्वसाधारण मालासाठी त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात.

आता पुनर्मागणी पातळीबद्दल, म्हणजे शिल्लक कितीवर आली की नवा माल मागवायचा त्या आकड्याबद्दल, कारण कोल्हापुरात या एका आकड्याला फार महत्त्व आहे. समजा, एखादी वस्तू रोज ४० पेट्या जाते, माल मागवल्यापासून पोहोचायला ३ दिवस लागतात आणि आपण ८० पेट्या राखीव ठेवतो. तर शिल्लक २०० पेट्यांवर आली, की नवी मागणी नोंदवायची. हे गणित सोपे आहे, पण त्यातले ‘३ दिवस’ बारा महिने सारखे राहत नाहीत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूरू महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक काही दिवस ठप्प झाली. तशा वेळी वर्षभराच्या सरासरीवर बेतलेली पातळी काहीच कामाची नसते. म्हणून जूनच्या आधीच मीठ, चहा, दूध पावडर, काडेपेट्या, मेणबत्त्या अशा वस्तूंची राखीव पातळी वाढवावी, आणि राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली, की ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट न पाहता सखल भागातील गोदामाचे खालचे कप्पे रिकामे करण्याची यादी काढून ठेवावी. मालाचा नेमका पत्ता नोंदलेला असेल, तर ही यादी काही मिनिटांत निघते; नसेल, तर पाणी दारात आल्यावर काय उचलायचे हे शोधावे लागते.

मोजणीबाबत थोडक्यात सांगतो. वर्षातून एकदा गोदाम बंद ठेवून सगळे मोजण्यापेक्षा रोज थोडे कप्पे मोजणे अधिक उपयोगी आहे. ज्या थोड्या वस्तूंमधून बहुतांश उलाढाल होते, त्यांची मोजणी वारंवार करावी. बाकीच्यांची महिन्या-तिमाहीतून एकदा पुरते. मोजणाऱ्याला स्क्रीनवरची शिल्लक आधी दाखवू नये, नाहीतर माणूस नकळत तोच आकडा मोजून येतो.

नोकरीच्या दृष्टीने पाहता, सुरुवातीला आवक विभाग, पिकिंग किंवा डिस्पॅच (माल रवाना करणे) यांपैकी जे काम मिळेल ते घ्यावे, पण शक्य असल्यास आवक निवडावी, कारण मालाची बहुतेक माहिती तेथेच जन्माला येते. एक्सेलमधील पिव्होट टेबल आणि व्ही-लुकअप चांगले यायला हवेत. सॉफ्टवेअर कोणतेही असले, तरी अहवाल तपासायला त्यांचीच मदत होते. फाउंड्रीकडे, म्हणजे धातूच्या ओतकामाकडे, जाणाऱ्यांनी हीट नंबरनुसार (भट्टीतील एका वितळणीचा क्रमांक) आणि औषध वितरणात जाणाऱ्यांनी बॅचनुसार माल मागे शोधत जाण्याची पद्धत समजून घ्यावी. मुलाखतीत आपणही प्रश्न विचारावेत. आवक नोंदण्यापूर्वी बिल फाडून शिल्लक शून्याच्या खाली (वजा) जाऊ देतात का, स्कॅनर प्रत्यक्ष माल हलवणाऱ्याच्या हातात असतो की ऑफिसच्या टेबलावर, आणि परत आलेल्या व डॅमेज मालासाठी स्वतंत्र कप्पा आहे का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून त्या ठिकाणी काम शिकायला मिळेल की केवळ गोंधळ निस्तरावा लागेल, याचा अंदाज पगाराचा विषय निघण्याआधीच येतो.