हर-टूचा रिपोर्ट हातात आला की

रत्नागिरीच्या लॅबमध्ये स्तनाच्या गाठींचे तुकडे रोज माझ्या हातून जातात. देवरुख-लांज्याकडच्या बायका रिपोर्ट उघडून ‘कॅन्सर’ एवढंच वाचतात. बायांनो, खाली ईआर, पीआर (पेशीतली हार्मोन धरणारी प्रथिनं) आणि हर-टू (पेशीवरचं एक प्रथिन) लिहिलेलं असतं, तेही वाचा. औषध त्यावर ठरतं.

ईआर-पीआर पॉझिटिव्ह असेल तर हार्मोनच्या गोळ्यांबद्दल विचारा. हर-टू ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ आला तर अजून काहीच ठरलेलं नाही. फिश तपासणी (हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी) करून घ्याच. ती मेणात बसवलेल्या तुकड्यावर होते, म्हणून तो ठोकळा लॅबकडून मागून घ्या आणि जपा.

हर-टूवर एवढा भर का? पेशीच्या पृष्ठभागावरचा हा रिसेप्टर, म्हणजे निरोप पोचवणारं प्रथिन, शेजारच्या हर-थ्री या त्याच्याच जातीच्या रिसेप्टरशी जोडी जमवतो, आणि ती जोडी पेशीला सतत वाढायचा, पसरायचा निरोप देत राहते. ट्रास्टुझुमॅब हे औषध हर-टूला धरतं. पर्टुझुमॅब ही जोडीच जुळू देत नाही. दोन्ही औषधं बऱ्याचदा एकत्र देतात. शिवाय कॅन्सरच्या पेशींवर सीएक्ससीआर४ हा रिसेप्टर असू शकतो. हाडांत, फुप्फुसांत, यकृतात सीएक्ससीएल१२ हे प्रथिन असतं, त्याच्या ओढीनं पेशी तिकडे जातात.

तेव्हा ‘गणपती होऊ देत, मग मुंबईला जाऊ’ असं कृपा करून म्हणू नका. रिपोर्ट आणि ठोकळा घ्या नि निघा.