‘इंडस्ट्रियलायझेशन’चा उच्चार कसा बसवावा

सांगली जिल्ह्यातील एखाद्या विद्यार्थ्याला किर्लोस्करवाडीवर इंग्रजीतून भाषण करायचे असेल, तर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसवलेल्या या उद्योगनगरीबद्दल बोलताना ‘इंडस्ट्रियलायझेशन’ हा शब्द टाळणे अवघड आहे.

रोमन लिपीत या शब्दाची १७ अक्षरे होतात आणि देवनागरीत ९. परंतु सिलॅबल मोजताना हे दोन्ही आकडे बाजूला ठेवावेत, कारण सिलॅबल म्हणजे एका स्वराभोवतीचा उच्चाराचा तुकडा, आणि असे तुकडे येथे ७ आहेत: इन्-डस्-ट्रि-अ-लाय्-झे-शन्. शब्दकोशात ठिपके देऊन केलेली फोड बहुधा ओळीच्या शेवटी शब्द कोठे तोडावा हे सांगण्यासाठी असते. तेथे ‘अल्’ वेगळा दिसला, तरी बोलताना त्यातील ल् पुढच्या स्वराला जाऊन मिळतो.

फोड अचूक असूनही आघात चुकला, तर ऐकणारा गोंधळतो. मराठीत आपण बहुतेक अक्षरांना जवळजवळ सारखेच वजन देतो, तर इंग्रजीत एक तुकडा ठळक होतो आणि बाकीचे कमीअधिक दबतात. ‘इंडस्ट्री’मध्ये जोर ‘इन्’वर असतो, ‘इंडस्ट्रियल’मध्ये तो ‘डस्’वर येतो आणि शेवटी ‘शन्’ लागताच त्याच्या लगेच आधीच्या ‘झे’वर सरकतो, ‘डस्’वर मग दुय्यम जोर उरतो. म्हैसाळच्या लिफ्ट इरिगेशनचे नाव आपल्याकडे सर्वांच्या तोंडी आहे. त्यातील ‘इरिगेशन’चा जोरही याच नियमाने ‘गे’वर पडतो. उच्चारचिन्हे देणाऱ्या शब्दकोशात मुख्य आघाताची छोटी उभी रेघ त्या तुकड्याच्या आधी वरच्या बाजूस असते, दुय्यम आघाताची खालच्या बाजूस.

सराव शेवटाकडून करावा. आधी ‘झेशन्’ म्हणावे, मग ‘लाय्झेशन्’, त्यानंतर ‘ट्रिअलाय्झेशन्’ आणि अखेरीस संपूर्ण शब्द. अशा क्रमाने जोराची जागा आधीच पक्की होते आणि धाप न लागता तेथवर पोहोचता येते. झ हा ‘माझा’मधला घ्यावा, ‘माझी’मधला नव्हे. ट उच्चारताना जीभ मराठीप्रमाणे मागे न वळवता वरच्या दातांमागील हिरडीपाशी ठेवावी.

अमेरिकी उच्चारात ‘लाय्’ऐवजी नुसता ‘ल’ ऐकू येतो. दोन्ही रूपे शुद्धच आहेत. मात्र एकाच भाषणात त्यांची सरमिसळ करू नये.